मागच्या दारचं गवत

"हे गवत नाही, मामा. हॉटेलातला गालिचा आहे," भाची म्हणाली.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. चाळीस वर्षं त्यांनी घरांचे नकाशे काढले होते. नकाशात गवत म्हणजे तीन रेघांचा झुबका. इथे एक, तिथे एक, की झाली बाग. आता उतारवयात कॉम्प्युटरवर गवत पिकवायची पाळी आली होती, आणि तेही असं, की बघणाऱ्याला फोटोच वाटावा.

"काय चुकलं?"

भाचीचा हाच धंदा. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून ती न बांधलेल्या घरांपुढे हिरवळ पसरायची. तिने पडद्यावर बोट टेकवलं. "हा झुबका बघा. हा आणि हासुद्धा तोच. तुम्ही एक काढलात आणि हजार वेळा चिकटवलात. खऱ्या गोष्टीत सारखेपणा नसतो, मामा. सगळं मोजून मापून दिसलं, की समजायचं, कुणीतरी बसून बनवलंय."

मामांनी मान डोलावली. हे गवत पकडलं जाऊन चालणार नव्हतं.

मामी जिन्यावरून पडल्या त्याला दोन महिने झाले होते. ऑपरेशननंतर त्यांना दिवसभराच्या प्रवासावरच्या एका केंद्रात ठेवलं होतं. तिथे माणसांना पुन्हा चालायला शिकवतात. जाताना मामींनी एकच बजावलं होतं, "माझं गवत सांभाळा. परत आले की त्याच्यावर अनवाणी चालणार आहे मी."

मामांनी ते इतकं सांभाळलं, की तण मारायचं औषध फवारताना भलतीच बाटली उचलली. आठ दिवसांत मागच्या अंगणाचं टक्कल झालं. दुकानदार बाटली बघून म्हणाला, "आता वर्षभर तिथे काही उगवायचं नाही."

आणि मामी तर दर रविवारी फोटो मागायच्या. खरं सांगायला मामांची जीभ रेटेना. ज्या गवतासाठी बाई पाय उचलतेय, तेच नाही म्हटल्यावर ती पाय उचलेल कशाला? म्हणून हा सगळा खटाटोप.

भाची गेल्यावर मामा शेजारच्या बागेत जाऊन चक्क पालथे पडले. कुंपणापलीकडून शेजारी म्हणाला, "काही हरवलं का?"

"नाही, सापडतंय," मामा म्हणाले.

एका पात्याचा शेंडा वाळलेला, दुसरं मधूनच मोडलेलं, बुडाशी मागच्या वर्षीचं पिवळं. चाळीस वर्षं गवत काढलं, पण बघितलं कधी नव्हतं. मामी रोज सकाळी मागच्या अंगणात इतका वेळ काय करत बसायच्या, ते त्यांना आज कळलं आणि वाईटही वाटलं.

रविवारी चित्र गेलं. संध्याकाळी मामींचा फोन आला.

"छान आहे हो. पण नळापाशी उंच नाही का झालं? तो ठिबकतो ना."

"कापलं होतं तिथलं," मामा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नळापाशी गवत वाढवलं.

"तुझं चालणं कुठवर आलं?" त्यांनी त्याच फोनवर विचारलं होतं.

"आज दहा पावलं चालले."

पुढच्या रविवारी वीस झाली, त्याच्या पुढच्या रविवारी तीस. मामा कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. मामींचं सगळं पहिल्यापासून असंच, घड्याळ लावून.

"भेटायला येऊ का?" मामा दर वेळी विचारायचे.

"नको बाई. तुम्ही समोर असलात की माझे पाय लाडात येतात."

आता एकच अडचण उरली होती. दारापासून कपडे वाळवायच्या दोरीपर्यंत मामींच्या पायांनी पडलेली वाट होती, आणि मामांनी ती हौसेने काढली होती. भाचीने तिच्यावरच बोट ठेवलं.

"इतके दिवस कुणी चाललं नाही ना? मग वाट बुजायला हवी."

खरंच होतं ते. दर आठवड्याला मामा त्या वाटेवर थोडी थोडी पाती पेरू लागले. चौथ्या महिन्यात वाट पार दिसेनाशी झाली.

"वाट बुजली हो," मामी फोनवर म्हणाल्या.

"तू आलीस की पडेल परत."

"हं."

पाचव्या महिन्यात मामींना घरी सोडायचं ठरलं. भाची गाडी घेऊन आणायला जाणार होती. निघायच्या आधी तिने फोन केला.

"मामा, मागच्या दाराचा उंबरा किती उंच आहे हो?"

"साडेचार इंच. का, चित्रात सावली चुकली का?"

"नाही. असंच विचारलं."

मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. चित्रं फोनवर खपली, अंगणात कशी खपणार? ती धावतपळत मागच्या दारी येईल आणि तिच्या पायाखाली भाजलेली माती लागेल. त्यापेक्षा आपणच आधी सांगून टाकावं. होऊन होऊन काय होईल, रागावेल.

दुपारी पुढे गाडी थांबली. मामा मागच्या दारात, अंगणाकडे तोंड करून उभे राहिले. तिचा चेहरा बघितला तर धीर सुटेल, हे त्यांना ठाऊक होतं.

"मामा, आलो आम्ही," भाचीचा आवाज घरातून आला.

"अगं, तू तिथेच थांब," मामा वळून न बघता म्हणाले. "आधी ऐकून घे. गवत नाहीये. माझ्या हातून मेलं, तू गेलीस त्याच महिन्यात. पाठवली ती सगळी चित्रं होती, मी काढलेली. तू चालावंस म्हणून काढली. आता बोल काय बोलायचं ते."

मागे कुठेच पावलं वाजली नाहीत. थांबली असावी. मामा उघड्या मातीकडे बघत राहिले.

मग मामींचा आवाज आला, खालून, त्यांच्या अगदी कोपराजवळून.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "गवतात चाकं रुतली असती."