पाचवं भोक

शर्यतीच्या गाडीचा मागचा पंख कमी-जास्त तिरका करायला पाच भोकं होती. बाबा दर वेळी बोल्ट पाचव्या, म्हणजे सगळ्यात तिरक्या भोकात घालून आवळायचे. पंख जितका तिरका, तितका वारा गाडीला जमिनीवर दाबून धरतो आणि वळणावर ती घसरत नाही. फक्त सरळ रस्त्यावर तोच वारा तिला मागे ओढतो.

"बाबा, सरळ रस्त्यावर उद्या सायकलवालेही मला मागे टाकतील," धाकटा हेल्मेट काढत कुरकुरायचा.

"आधी वळणं नीट घ्यायला शीक, शहाण्या. पंखाचं माझ्यावर सोड."

जिंकायचं तर तिसरं भोक, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. पण थोरल्याला त्यांनी तिसऱ्याच भोकावर पंख लावून दिला होता, आणि एका वळणावरून तो परत आलाच नाही.

तीन वर्षं धाकटा शेवटून दुसरा-तिसरा येत राहिला. मग त्याने गाडी विकली आणि एका कचेरीत चिकटला.

महिन्याभरात नव्या मालकाचा फोन आला. "काका, पंख तिसऱ्या भोकावर घेतला आणि पहिला आलो की!"

"कोणाचा फोन?" डबा भरता भरता धाकट्याने विचारलं.

"आपली गाडी पहिली आली," बाबा एवढंच बोलले.

धाकट्याचा हात डब्यावर थांबला. मग तो हसला.



"बघा, उगाच कुरकुरायचो मी. तुमच्या कामात खोट नव्हतीच, बाबा. मीच कमी पडलो."