भरवशाचा गडी

ललितने समोरचे सगळे चिप्स दोन्ही हातांनी मधोमध ढकलले आणि हात चटकन टेबलाखाली घेतले.

रविवारची दुपार. बोईसरला विपुलच्या वर्कशॉपच्या माडीवर पंखा गरगरत होता, पण घाम काही थांबत नव्हता. दर रविवारी इथे पोकर बसायचा. बोलीला मर्यादा नव्हती. प्रत्येकापुढे पैशांऐवजी चिप्सच्या उंच चळती असायच्या आणि एका डावात माणूस होत्याचा नव्हता व्हायचा.

मधल्या पाच उघड्या पत्त्यांत चार बदाम होते. हातात एक जरी बदाम असला तरी पाच बदाम होऊन डाव जवळजवळ खिशात. ललितच्या हातात एकही नव्हता.

होतं ते फक्त नाव. वर्षभर त्याने ते जपून कमावलं होतं. बरे पत्तेसुद्धा मुकाट्याने टाकून दिले होते. बोली लावली ती पत्ते भारी असतानाच. जिंकल्यावर अधूनमधून ते उघडून दाखवले, सगळ्यांनी नीट बघावेत म्हणून. वाणगावचा चिकूवाडीवाला, सरळ माणूस, उगाच पुढे येत नाही, असं टेबलावर सगळे म्हणू लागले होते. ही सगळी मशागत आजच्या एका थापेसाठी होती.

समोर नवापूरचे धर्माजी होते. साठी उलटलेली, सारा जन्म होडीवर गेलेला. त्यांनी आपले पत्ते पाहिले, मग ललितचा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"तीन दश्श्या हायत माझ्याकडं," म्हणत धर्माजींनी पत्ते उताणे टाकले. "पन ललित खोटं खेळत नाय. घे, तुझा डाव."

कुणालाच नवल वाटलं नाही. ललितने ढीग आपल्याकडे ओढला. जमलं होतं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते जमलं होतं, आणि तरी त्याला खुर्चीत धड बसवेना. तो पाणी प्यायला, मग त्याने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

बाकीचे पत्ते गोळा केले जात होते. धर्माजी खुर्ची सरकवून जवळ आले.

"ललित, होडी विकायची हाय मला. पोरं आता समुद्रावर येत नाय. उद्या गिऱ्हाईक येणार हाय. तू ये माझ्यासंगं. बोलणी तूच कर. तू 'दे' म्हणशील तर देईन. येवढा भरवसा मला दुसऱ्या कुणाचा नाय."

"हो" म्हणायला ललितने तोंड उघडलं. पालथे ठेवलेले आपले दोन पत्ते अजून त्याच्यापुढेच होते. त्याने ते उलटले. किलवर सत्ती, इस्पिक नव्वी.

विपुलने शिट्टी वाजवली. टेबलावर एकच हशा झाला. धर्माजी त्या पत्त्यांकडे बघत राहिले, आणि मग तेही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

"गंडवलंस रे मला!"

ललितने ढीग त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो परत लोटला. "जिकलास ते तुझं." होडीचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. विपुलकडून आणखी चिप्स घेतले, पहिल्यापेक्षा जास्त, आणि बाह्या वर सारून बसले.

पुढचा डाव. ललितला दोन एक्के आले. तिसरा मध्ये उघडा पडला. सवयीने त्याने थोडी बोली लावली आणि लगेच त्याला पश्चात्ताप झाला. बाकीच्यांनी पत्ते टाकले. धर्माजींनी मात्र दोन्ही हात आपल्या सगळ्या चळतींमागे नेले. डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

ललितने पुढे वाकून त्यांचं मनगट धरलं.

"काका, नका लावू. तीन एक्के हायत माझ्याकडं. आईशप्पथ सांगतो."

धर्माजींनी त्याच्याकडे पाहिलं. मायेनेच पाहिलं. मग हळूच हात सोडवून घेतला.

"परत नाय गंडायचा मी. आता तर लावणारच," ते म्हणाले आणि सगळं पुढे ढकललं.