वळणावरचं कपाट

कापूस येईना म्हणून जिनिंगची गिरणी बंद पडली, तेव्हा तिथला हमाल खेमसिंग आणि त्याची बायको धनीबाई चार गडी सोबत घेऊन आर्णीत लोकांचं घरसामान हलवू लागले. एका मास्तरांचं लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर नेताना जिन्याच्या वळणावर खेमसिंगचा पाय घसरला आणि कपाट त्याच्या छातीवर कललं. धनीबाईनं खांदा लावून ते भिंतीला टेकवलं. "आता खाली कोनी थांबाचं नाई," ती म्हणाली. तिनं कपाटाचे खण काढले, पायऱ्यांवर पोती अंथरली, दोर बांधला आणि सगळ्या गड्यांना वर उभं केलं. "मी म्हनीन तवाच ओढा." पायरीपायरीनं कपाट वर पोचलं, भिंतीला ओरखडाही नव्हता. मास्तर खेमसिंगला म्हणाले, "मुकादम, शेजाऱ्यांना तुमचंच नाव सांगतो." खेमसिंगनं छाती चोळत एकदा बायकोकडे पाहिलं. "मुकादम ही हाय, गुरुजी. आमी सारे हिच्या हाताखाली काम करून राह्यलो."