नाक गळणाऱ्यांना घर बंद

"तिथंच थांबा, लांदूभाऊ! पाऊल पुढं टाकलंत तर हे धुण्याचं पाणी अंगावर ओतेन."

रीतीप्रमाणे कपाळाला कपाळ टेकवून भेटायला आलेला शेजारी तसाच अर्धवट वाकून राहिला. "अहो वहिनी, साधं पडसं तर आहे!"

"तुमच्यासाठी साधं. तिचा जीव जाईल."

ती म्हणजे लिसाला, वानराचं पिल्लू. किन्शासा शहराबाहेर अनाथ बोनोबो वानरांचा एक आश्रम होता. तिथं ही वहिनी, लुझोलो, पिल्लांची आई होऊन त्यांना वाढवायची. लिसालाच्या आईला शिकाऱ्यांनी मारलं, तेव्हापासून ती दिवसभर लुझोलोच्या छातीला चिकटलेली असे. माणसाचं पडसं या वानरांच्या छातीत उतरलं की संपलंच. म्हणून लुझोलोला शिंक आली तशी डॉक्टरीणबाईंनी तिला घरी धाडलं. स्वतःचं नाक कोरडं झालं, घरात कुणी शिंकत नसलं, तरच परत यायचं. इकडं पिल्लू दुसऱ्या कुणाच्या हातून दूध घेईना.

आज लुझोलोचं नाक कोरडं होतं. पण माणसांना कोण आवरणार? जाऊ आली ती गळ्यातच पडायला निघाली. चर्चमधल्या बायका हात हातात घेतल्याशिवाय बोलेनात. ओरडून ओरडून लुझोलोचा घसा बसला.

दुपारी मातादीहून तिची मुलगी आली, माकिसे. पाठीला बांधलेली तान्ही पोर. लुझोलोनं नातीला अजून पाहिलंही नव्हतं. पोरीच्या नाकाखाली दोन धारा वाहत होत्या.

"अगं, कळवायचंस तरी!"

"माहेरी यायला कळवायचं?" माकिसेनं पोर सोडवून पुढं केली. लुझोलोनं हात मागं घेतले.

माकिसेचा चेहरा पडला. "त्या माकडिणीला छातीशी धरतेस. हिला नाही?"

"माकडीण नाही ती!" लुझोलो ओरडली. नात टकामका बघत होती.

"आण इकडं. काय बाई हा शेंबूड! आईला डोळे नाहीत का तुझ्या?" तिनं कमरेच्या कापडाच्या टोकानं पोरीचं नाक पुसलं आणि तिला मांडीवर घेतलं.

संध्याकाळी आश्रमात लिसालाला सांभाळणाऱ्या ओदीलचा फोन आला. "ताई, उद्या येताय ना? आजही बाटलीला तोंड लावलं नाही हिनं."

"कसली येतेय! घर शिंकतंय माझं." मग लुझोलो वैतागून म्हणाली, "फोन तिच्या कानाशी धर... लिसाला! भवाने, किती छळशील? मुकाट्यानं पी! मी काय मेले का?"

पलीकडून चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज आला.

एवढ्यात मांडीवरची नात शिंकली. लुझोलोनं घाईघाईनं फोनच्या तोंडावर तळहात धरला.