खुर्ची घरातच
नगराध्यक्षपदासाठी दोघे भाऊ उभे होते, दोन वेगळ्या पक्षांकडून. योजना त्यांच्या वडिलांची, आप्पांची. "कुणीबी आलं तरी खुर्ची घरातच राहती." नगरच्या चॅनेलवर दोघांची आमनेसामने चर्चा सुरू झाली तेव्हा घरचे हसतच बसले होते. कोण काय बोलणार, हे कालच जेवताना ठरलं होतं. धाकटी सून टीव्हीसमोरच परातीत सगळ्यांची कणीक मळत होती. अचानक थोरला ठरलेलं सोडून बोलला, "ज्यांच्या घरात दहा वर्षांत पाळणा हलला नाही, त्यांना पोरांच्या शाळेचं काय कळणार?" धाकट्यानं हातातला ठरलेल्या उत्तरांचा कागद पालथा ठेवला. आप्पा रिमोटची बटणं दाबत सुटले. आवाज उलट वाढलाच. थोरली जाऊ कावरीबावरी झाली. "अगं, हे ठरलं न्हवतं." "व्हय," धाकटी म्हणाली. तिनं कणकेचा गोळा मधोमध तोडला. "आमच्या दोघांपुरती एवढी बास हाय ना, अक्का?"