पडद्याआडचे ऊन

सकाळचे ऊन सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या खिडकीशी येऊन थबकले होते. जाड पडद्याच्या कडेने त्याची एक बारीक रेघ आत शिरली, फरशीवरून सावकाश सरकत पुस्तकांच्या ढिगावर चढली आणि तिथली धूळ क्षणभर सोनेरी करून पडून राहिली. ल्यूपसच्या माणसाला ऊन सोसत नाही. तो आजार घरात आल्यापासून ऊन असे चोरूनच येत असे. सुधन्वा त्या रेघेकडे पाहत बसला होता. रात्रभर ना त्याचा डोळा लागला होता, ना त्याच्या बहिणीचा.

"इमर्जन्सीत जायचंच," रेवती म्हणाली. "श्वासागणिक छातीत कळ, ताप उतरत नाही. आता थांबणं म्हणजे वेडेपणा आहे."

"सोमवारनंतर जाऊ ना, ताई."

सोमवारी त्याची मुलाखत होती. गावाहून येऊन दिल्लीत काढलेली सारी वर्षे त्या एका दिवसाला टांगलेली होती.

"किडन्या सोमवारपर्यंत थांबणार आहेत का? चल. बूट राहू दे, चपलाच बऱ्या."

जिन्यात शेजारच्या कुमुदकाकू भेटल्या.

"रेवती, पुन्हा हॉस्पिटल? किती सुकलीस गं! आणि हे भावी कलेक्टर अभ्यास सोडून तुझ्यासोबत! साहेब, उद्या ओळख ठेवा हो."

रेवती नुसती हसली. सुधन्वाने मान खाली घातली. हा आजार बहुतेक बायकांना होतो, असे पहिल्या डॉक्टरांनी सांगितले होते. त्याने तेवढेच घट्ट धरून ठेवले होते.

ऑटोत रेवतीने ओढणी ताणून ऊन अडवले.

इमर्जन्सीतला तरुण डॉक्टर अंकुर रात्रपाळीने पेंगुळला होता. ल्यूपस एवढा शब्द कानी पडताच त्याने रेवतीसाठी स्टूल पुढे ओढले.

"क्या तकलीफ़ है, दीदी?"

उत्तर सुधन्वाने दिले. बुखार. साँस लेने पर सीने में दर्द. पैरों में सूजन. पेशाब में झाग. मुलाखतीची तालीम करावी तसे तो न अडखळता सांगत गेला.

"दवाइयाँ चल रही हैं?"

"बंद हैं," तो पुटपुटला. "चेहरा फूल जाता है."

अंकुर रेवतीवर वैतागला. "चेहरे के लिए किडनी दाँव पर लगा दी आपने? आज भर्ती नहीं हुईं, तो बात डायलिसिस तक जाएगी."

रेवतीने ते मुकाट्याने ऐकून घेतले. मग अंकुरने स्टेथोस्कोप कानांना लावला, तशी ती भावाकडे पाहत उठली आणि बाजूला सरली.

सुधन्वा बराच वेळ त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहत राहिला. मग तो त्यावर बसला आणि गळ्यापर्यंत लावलेली शर्टाची बटणे सोडू लागला.

"डॉक्टर साहब," तो म्हणाला, "ल्यूपस दीदी को नहीं, मुझे है."