आईच्या आठवणींचं एचडी चॅनल

आईच्या वर्षश्राद्धाची पंगत उठली आणि सगळे टीव्हीसमोर बसले. गेलेल्या माणसाच्या आठवणी त्याच्याच डोळ्यांतून केबलवर बघायची आता रीतच पडली होती. त्याच आठवड्यात केबलवाल्याने ही चॅनलंही एचडी केली होती, आणि निरंजनने चार लोक येणार म्हणून हौसेने तो पॅक घेतला होता.

आईची शेवटची दुपार लागली. तेराव्याला दिसलेल्या धूसर चित्रात निरंजन तिच्या उशाशी मान खाली घालून बसला होता. तो रडतोय असंच सगळ्यांना वाटलं, आणि त्यानेही ते वाटू दिलं. आज मात्र त्याच्या चष्म्याच्या काचेत मोबाइलवरची मॅच स्वच्छ दिसली. स्कोअरसुद्धा वाचता येत होता.

“आईला झोप लागली होती तेव्हा,” तो पुटपुटला.

पडदा काळा झाला. आईने डोळे मिटले होते. मग पापण्या किलकिल्या झाल्या, समोर निरंजन चौकारावर हसताना दिसला, आणि त्या पुन्हा मिटल्या. असं तीनदा झालं.

“झोपली नव्हती रे वहिनी,” आत्या हळूच म्हणाली. “तुझी मॅच संपायची वाट बघत होती.”